बर्फावरची धडक

एकाच कृत्याला दोन माणसांनीं दोन नांवें द्यावींत, आणि दोघांनाहि आपलेंच नांव खरें वाटावें, असा प्रकार मनुष्याच्या व्यवहारांत नेहमीं घडतो. भीमानें दुर्योधनाच्या मांडीवर गदा घातली. कमरेखालीं प्रहार करूं नये, हा गदायुद्धाचा नियम. म्हणून दोघांचाहि गुरु जो बलराम, तो नांगर उगारून भीमाच्या अंगावर धांवला, आणि श्रीकृष्णानें त्याला कसाबसा आवरला. यांत भीमाचें चुकलें, कीं दुर्योधनाच्या पदरांत योग्य तेंच पडलें, हा वाद आपल्याकडे कीर्तनाच्या मांडवांत आणि घरच्या ओसरीवर अजून मिटलेला नाहीं. आज मी ज्या वादाविषयीं बोलणार आहें, तो दूर उत्तर अमेरिकेंतला आहे आणि बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीचा आहे. परंतु त्याचें मूळ हेंच आहे. धिप्पाड, तरुण आणि वेगवान असा एक खेळाडू समोरच्यावर अंग घालून त्याला आडवा करतो. अर्धे प्रेक्षक उभे राहून टाळ्या पिटतात. अर्धे 'याला बाहेर काढा' म्हणून ओरडतात. यांत खरें कोणाचें, आणि तें ठरवावयाचें कसें, हें आज पाहूं.

हॉकी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें हिरवें मैदान आणि ध्यानचंद येतात. ही हॉकी निराळी. कॅनडांतील माँट्रियल शहरीं ३ मार्च १८७५ रोजीं ती प्रथम छपराखालच्या बर्फावर जाहीर रीतीनें खेळली गेली असें मानतात. आपल्या देशांतहि लेहच्या बाजूला गोठलेल्या तळ्यांवर थंडीच्या दिवसांत ती खेळतात. अमेरिकेंतलें तिचें मैदान २०० फूट लांब व ८५ फूट रुंद असतें. त्याचे कोपरे गोलाकार असतात आणि भोंवतीं छातीपर्यंत येईल असा फळ्यांचा कठडा असून त्याच्यावर कांच बसविलेली असते. एका वेळीं प्रत्येक पक्षाचे सहा गडी, गोलरक्षक धरून. पायांत पोलादी पात्यांचे बूट, हातांत काठी. आणि चेंडूऐवजीं कठीण रबराची एक काळी चकती, तीन इंच व्यासाची व एक इंच जाडीची. वीस वीस मिनिटांचे तीन डाव होतात. खेळ इतका दमछाक करणारा असतो कीं पाऊण-एक मिनिट खेळून गडी बांकावर येऊन बसतात आणि ताजे गडी आंत उतरतात.

आतां धडकेकडे वळूं. चकती ज्याच्या काठीपाशीं आहे, त्याला प्रतिपक्षाच्या गड्यानें खांद्यानें, छातीनें किंवा कमरेनें धक्का देऊन चकतीपासून दूर करावें, ही गोष्ट या खेळांत नियमाला धरून आहे. ती चोरून होत नाहीं. पंचाच्या डोळ्यांदेखत होते, आणि बहुतेक वेळां पंच शिटीहि वाजवीत नाहीं. आपल्या हुतुतूंत चढाई करणाऱ्याला पकडणें जितकें रास्त, तितकीच ही धडक तेथें रास्त. फरक आहे तो वेगाचा. शाळेंत मी मुलांना सांगत असें कीं वेग दुप्पट झाला म्हणजे गतीची शक्ति दुप्पट होत नाहीं, चौपट होते. ताशीं ५ किलोमीटर चालणारा माणूस रस्त्यांत कोणाला धडकला, तर 'माफ करा' म्हणून मोकळा होतो. तोच माणूस ताशीं ३० किलोमीटर वेगानें आला, तर वेग सहापट, परंतु शक्ति छत्तीसपट. बर्फावर हा वेग नित्याचा आहे. त्यांतून धक्का खाणारा मागें सरकण्याऐवजीं कठड्याला चिकटलेला असला, म्हणजे ही सारी शक्ति त्याच्या हाडामांसानें शोषून घ्यावयाची. अंगावर जाड कवचें असतात, डोक्यावर शिरस्त्राण असतें; परंतु कवटीच्या आंत मेंदू मोकळा हलतो, त्याला कवच कोठून आणणार?

मग असली धोक्याची गोष्ट खेळांत ठेवली तरी कशाला, असें आपणांस वाटेल. याचें उत्तर मैदानाच्या कोपऱ्यांत सांपडतें. आक्रमण करणारा पक्ष पुष्कळदां चकती मुद्दाम प्रतिपक्षाच्या कोपऱ्यांत लोटून देतो. ती आणावयाला बचाव करणारा गडी जातो. तेव्हां त्याचें तोंड कठड्याकडे आणि पाठ मैदानाकडे असते. मागून कोणी अंगावर येत आहे हें त्याला ऐकूं येतें. येणारा जर किरकोळ असेल, तर तो शांतपणें चकती उचलून आपल्या गड्याकडे देतो. येणारा जर सव्वादोनशें पौंडांचा असेल, तर त्याचा हात घाई करतो, चकती भलतीकडे जाते आणि शत्रूला आयती मिळते. म्हणजे धडकेचा अर्धा उपयोग ती बसण्यापूर्वींच झालेला असतो. ज्यानें पहिल्या डावांत दोन धडका दिल्या, त्याच्या भीतीवर त्याचा पक्ष तिसऱ्या डावापर्यंत जेवतो.

असल्या गड्याला तिकडे 'पॉवर फॉरवर्ड' म्हणतात. आपण त्याला बलवान आघाडीवीर म्हणूं. नुसता दांडगा असून त्याला हें नांव मिळत नाहीं. त्यानें गोलहि केले पाहिजेत. खांद्यानें वाट काढावयाची आणि त्याच हातानें नाजूक नेम धरावयाचा, असे दोन गुण एका शरीरांत मिळणें दुर्मिळ. म्हणूनच त्याची किंमत मोठी. या जातीचा मूळपुरुष म्हणून गॉर्डी हौ याचें नांव घेतात. १९४६ सालीं अठराव्या वर्षीं तो डेट्रॉइटच्या संघांत आला आणि मधल्या विश्रांतीसकट थेट १९८० पर्यंत, वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत, खेळला. त्याचे गोल जितके प्रसिद्ध, तितकींच त्याचीं कोंपरें प्रसिद्ध. एकाच सामन्यांत एक गोल करणें, दुसऱ्याला गोल करावयास मदत करणें आणि एक मारामारी करणें, या त्रयीला आजहि त्याच्या नांवानें ओळखतात. प्रत्यक्षांत हा योग त्यानें स्वतः मोजक्याच वेळां साधला. पुढें बॉस्टनच्या कॅम नीली यानें हा प्रकार कळसास नेला. १९९१ सालीं एका धडकेंत त्याची मांडी व गुडघा कायमचे दुखावले. तरीहि १९९३-९४ च्या हंगामांत त्यानें आपल्या ४४ सामन्यांत ५० गोल केले. आणि १९९६ सालीं, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षीं, त्याला खेळ सोडावा लागला. ज्याचें शरीर हेंच शस्त्र, त्याचें शस्त्र इतरांपेक्षां लवकर बोथट होतें, हें येथेंच ध्यानांत ठेवावें.

धडक रास्त असली तरी तिला कुंपण आहे. ज्याच्यापाशीं चकती नाहीं त्याला धडकूं नये. लांबून धांवत येऊन किंवा उडी मारून अंगावर पडूं नये. ज्याला स्वतःचा बचाव करतां येत नाहीं अशाला कठड्यावर आपटूं नये. कोंपर किंवा काठी अंगावर चालवूं नये. हे नियम मोडणाराला दोन मिनिटें, अपराध मोठा असल्यास पांच मिनिटें शिक्षेच्या पेटींत बसावें लागतें. त्याहून गंभीर प्रकरणांत सामना संपल्यावर चौकशी होते. उत्तर अमेरिकेंतील धंदेवाईक संघांची जी नॅशनल हॉकी लीग नांवाची संस्था आहे, तिनें २०११ सालीं याकरितां एक स्वतंत्र खातें उघडलें. तें खातें धडकेचें चित्रण पुनःपुन्हां पाहतें, कांहीं सामन्यांपुरती खेळबंदी फर्मावतें आणि आपला निर्णय चित्रणासह कारणें देऊन सर्वांना दाखवितें. निर्णयाचीं कारणें जगजाहीर झालीं, कीं घराघरांत न्यायाधीश तयार होतात. तसे ते झालेहि.

या घरगुती न्यायाधीशांना गेल्या कांहीं वर्षांत ज्या एका तरुणानें सर्वांत अधिक काम पुरविलें, तो म्हणजे वॉशिंग्टनच्या 'कॅपिटल्स' संघाचा टॉम विल्सन. हा टोरोंटोचा मुलगा, १९९४ सालीं जन्मलेला, सहा फूट चार इंच उंच. २०१२ च्या निवडींत वॉशिंग्टननें त्याला सोळाव्या क्रमांकावर उचललें. २०१३-१४ च्या आपल्या पहिल्या हंगामांत तो ८२ च्या ८२ सामने खेळला. त्यांत त्यानें केलेले गोल ३. आणि शिक्षेच्या पेटींत घालविलेलीं मिनिटें १५१. हे दोन आंकडे शेजारीं ठेवून पाहावेत. एकोणीस वर्षांच्या पोराला संघानें कशासाठीं बर्फावर उतरविलें होतें, हें त्यांवरून उघड होतें.

पुढें त्याला ओव्हेच्किनसारख्या थोर खेळाडूंच्या पंक्तीला खेळावयास मिळालें आणि त्याच्या हातांत नुसता दणका नाहीं, कसबहि आहे, हें लोकांना दिसूं लागलें. परंतु त्याच सुमारास प्रकरणेंहि वाढलीं. २०१७ च्या सप्टेंबरपासून साधारण एका वर्षांत त्याला चार वेळां खेळबंदी झाली. त्यांतली तिसरी २०१८ च्या मे महिन्यांतली. पिट्सबर्गच्या झॅक अॅस्टन-रीस याला त्यानें दिलेल्या धडकेंत त्याचा जबडा मोडला आणि मेंदूला हादरा बसला. मैदानावर पंचांनीं शिक्षा दिली नव्हती. मागाहून तीन सामन्यांची बंदी झाली. पुढच्याच महिन्यांत वॉशिंग्टननें आपल्या इतिहासांतला पहिला स्टॅन्ली चषक जिंकला, आणि विल्सन त्या विजयाचा एक वीर ठरला. जुलैंत संघानें त्याच्याशीं सहा वर्षांचा, ३ कोटि १० लक्ष डॉलर्सचा करार केला. आणि ३० सप्टेंबर रोजीं एका सरावाच्या सामन्यांत त्यानें सेंट लुईच्या ऑस्कर सुंडक्विस्टला अशी धडक दिली कीं त्याच्या डोक्याला व खांद्याला इजा झाली. या वेळीं २० सामन्यांची बंदी झाली. अपील झालें. नोव्हेंबरांत श्याम दास नांवाच्या तटस्थ लवादानें ती १४ वर आणली; तोंपर्यंत विल्सन १६ सामने बाहेर बसून चुकला होता.

या प्रकरणांतून जे वाद माजले, त्यांत मला तीन बाजू दिसतात. तिन्ही बाजू आपण पारखून घेऊं. कारण या तीन बाजू केवळ हॉकीच्या नाहींत.

पहिली बाजू म्हणते, "खेळच असा आहे. ज्याला सोसत नाहीं त्यानें घरीं बसून बुद्धिबळ खेळावें. लहानपणापासून प्रत्येकाला शिकवितात कीं डोकें वर ठेवून खेळ. ज्यानें डोकें खालीं घातलें त्याची चूक." या बोलण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. सावध राहणें हा खेळाडूचा धर्मच आहे. पण मघांचा तो कोपरा आठवावा. तेथें चकती आणावयाला गेलेल्या गड्यानें पाठ फिरविलेली असते, ती आळसानें नव्हे. खेळच त्याला तसें करावयाला लावतो. आपल्या कुस्तींत सलामी असते. दोघे समोरासमोर उभे राहतात, हात लावतात, एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात. मग कोणी कोणाला आस्मान दाखवो, त्यांत अन्याय नाहीं. बर्फावर सलामी नाहीं. समोर पाहून घेतलेली धडक आणि न दिसतां आलेली धडक, या दोन्ही शरीराला सारख्याच लागतात असें कोणी म्हणेल. पण तसें नाहीं. पाहणारा मनुष्य मान आंवळतो, गुडघे वांकवितो, अंग चोरतो. न पाहणाऱ्याची मान ढिली असते. त्याचा मेंदू उघडा पडलेला असतो.

ही गोष्ट संस्थेलाहि उशिरां समजली. मार्च २०१० मध्यें बॉस्टनच्या मार्क सावार्ड याला बाजूनें, नजरेआडून, थेट डोक्यावर धडक बसली. धडक देणाऱ्याला शिक्षा झाली नाहीं; कारण त्यानें खांदा वापरला होता, आणि खांद्यानें डोक्याला लागूं नये असा नियमच नव्हता. त्याच महिन्यांत असा नियम घाईघाईनें करण्यांत आला आणि २०११ सालीं तो अधिक व्यापक केला गेला. सावार्डचा खेळ मात्र २०११ च्या जानेवारींत कायमचा थांबला.

दुसरी बाजू म्हणते, "माणूस स्ट्रेचरवरून गेला, याहून आणखी पुरावा काय पाहिजे?" ही दयेची भाषा आहे, आणि दयेविषयीं मी वाईट बोलणार नाहीं. परंतु न्यायाची भाषा याहून थोडी निराळी असते. इजा झाली म्हणजे अपराध झालाच, असें मानलें, तर इजा न होतां सुटलेले सगळे अपराध निर्दोष ठरतात. शाळेंत एकानें खिडकींतून दगड फेंकला आणि तो कोणाला लागला नाहीं, दुसऱ्यानें फेंकला तो एकाच्या कपाळाला लागला. फेंकणें दोघांचें सारखेंच. मास्तरानें फक्त रक्त पाहून छडी उगारली, तर मुलें एवढेंच शिकतात कीं नेम चुकला म्हणजे पाप नाहीं. वरील खातें शिक्षा ठरवितांना इजेचा विचार करतें, तो करावाच. परंतु त्याआधीं तें दोन गोष्टी पाहतें. आघाताचें मुख्य स्थान डोकें होतें काय? आणि तो आघात टाळतां येण्यासारखा होता काय? हा क्रम मला योग्य वाटतो.

तिसरी बाजू सर्वांत सोपी आणि सर्वांत घातक. ती म्हणते, "तो तसलाच आहे." एकदां हें वाक्य उच्चारलें, कीं पुढें पाहावयास नको. त्यानें रास्त धडक दिली तरी ती गुन्हा दिसते, आणि दुसऱ्या कोणी गुन्हा केला तरी तो अपघात दिसतो. यावर उत्तर म्हणून मी एकच हकीकत सांगतों. ज्या सुंडक्विस्टला विल्सननें जखमी केलें, तो बरा होऊन त्याच हंगामांत खेळला आणि २०१९ सालीं त्याचा सेंट लुईचा संघ अंतिम फेरींत पोंचला. त्या फेरीच्या दुसऱ्या सामन्यांत सुंडक्विस्टनें बॉस्टनच्या मॅट ग्रिझलिक याला पाठमोरा असतां कठड्यावर आपटलें. ग्रिझलिकच्या मेंदूला हादरा बसला आणि सुंडक्विस्टला एका सामन्याची बंदी झाली. आठ महिन्यांपूर्वींचा फिर्यादी आज आरोपी. मग तो 'तसला' होता काय? नव्हता. वेग, संधि आणि संघाची अपेक्षा या तिघांनीं एका क्षणांत त्याचा हात धरला, एवढेंच.

विल्सनचीहि पुढची हकीकत असल्या शिक्क्यांत मावत नाहीं. त्या मोठ्या बंदीनंतर परत आल्यावर त्यानें त्या हंगामांत २२ गोल केले आणि दोन वर्षांहून अधिक काळ त्याच्यावर पुन्हां बंदी आली नाहीं. लोक म्हणाले, सुधारला. मार्च २०२१ मध्यें बॉस्टनच्या ब्रँडन कार्लोवरील धडकेबद्दल सात सामन्यांची बंदी झाली. लोक म्हणाले, मूळ स्वभाव जाईना. आणि २०२४-२५ च्या हंगामांत, तिशींतल्या या गड्यानें ३३ गोल केले. माणूस ही एकदांच लिहून संपलेली पाटी नव्हे. वर्गांत 'वांड' म्हणून ज्याच्यावर शिक्का बसला, तो पोर पुढें बहुधा शिक्क्यालाच जागतो, असा चाळीस वर्षांचा माझा अनुभव आहे. आणि शिक्का मारणारांत मास्तरांच्या बरोबरीनें टाळ्या वाजविणारे सोबतीहि असतात.

येथें प्रेक्षकांच्या जबाबदारीचा प्रश्न येतो. २०२१ च्या ३ मे रोजीं न्यूयॉर्क येथें विल्सननें बर्फावर पालथ्या पडलेल्या एका गड्याला ठोसा मारला आणि आर्टेमी पानारिन या नामांकित खेळाडूला, डोक्यावर शिरस्त्राण नसतां, खालीं आपटलें. पानारिन हंगामाच्या उरलेल्या सामन्यांना मुकला. विल्सनला खेळबंदी झाली नाहीं. नियमांत बसणारा जास्तींत जास्त, म्हणजे ५,००० डॉलर्स, दंड झाला. न्यूयॉर्कच्या संघानें जाहीर पत्रक काढून शिक्षा देणाऱ्या अधिकाऱ्याला नालायक म्हटलें, आणि त्या पत्रकाबद्दल संघाला अडीच लक्ष डॉलर्सचा दंड झाला. ठोशाला पांच हजार आणि शब्दाला अडीच लक्ष! दोनच दिवसांनीं त्याच दोन संघांचा पुन्हां सामना झाला, तेव्हां चकती खालीं पडतांच तीन जोड्या एकदम मारामारीला जुंपल्या, आणि पहिल्या पांच मिनिटांच्या आंत सहा मारामाऱ्या झाल्या. पंचाचा न्याय लोकांना पटेनासा झाला, म्हणजे लोक आपला न्याय हातांत घेतात. आणि तसल्या न्यायाला मर्यादा नसते. २००४ सालीं व्हँकूव्हरच्या टॉड बर्टुझी यानें असाच एका जुन्या, शिक्षेवांचून राहिलेल्या धडकेचा वचपा काढावयाला कोलोरॅडोच्या स्टीव्ह मूरला मागून ठोसा मारून खालीं पाडलें. मूरच्या मानेचीं हाडें मोडलीं आणि तो पुन्हां कधीं त्या संस्थेच्या बर्फावर उतरला नाहीं. बर्टुझी हाहि एक बलवान आघाडीवीरच होता.

चाहत्यांचें प्रेम किती आंधळें होऊं शकतें याचा जुना दाखला माँट्रियलचा आहे. मॉरिस रिशार हा फ्रेंच भाषिकांचा दैवत झालेला खेळाडू. मार्च १९५५ मध्यें त्यानें एका मारामारींत पंचाच्या सहाय्यकाला ठोसा मारला. संस्थेचा अध्यक्ष क्लॅरेन्स कँबेल यानें त्याला उरलेल्या सर्व हंगामापुरता बाहेर ठेवला. १७ मार्चला कँबेल स्वतः माँट्रियलला सामना पाहावयास येऊन बसला, तेव्हां लोकांनीं त्याच्यावर वस्तु फेंकल्या, अश्रुधूर फुटला, सामना बंद पडला आणि शहराच्या मुख्य रस्त्यावर रात्रभर दुकानें फुटलीं. या दंग्यामागें फ्रेंच आणि इंग्रज यांमधील जुना सल होता, हेंहि खरें. पण दुसऱ्या दिवशीं तो दंगा शांत करावयाला कोण पुढें आलें? खुद्द रिशार. त्यानें रेडिओवरून लोकांना विनविलें कीं, आतां पुरे. मी माझी शिक्षा भोगीन. शिक्षा झालेल्या गड्याला जें समजलें, तें त्याच्या भक्तांना समजलें नव्हतें.

आणि आतां या वादांतली जी खरी किंमत, तिच्याकडे येतों. एरिक लिंड्रॉस हें नांव कॅनडांत अजून हळहळून घेतात. सहा फूट चार इंच उंचीचा, अफाट ताकदीचा हा मुलगा १९९१ च्या निवडींत पहिला आला. फिलाडेल्फियाकडून खेळतांना १९९५ सालीं तो संस्थेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. लहानपणापासून तो सगळ्यांहून मोठा. त्यामुळें डोकें खालीं घालून चकती नेली तरी त्याला कोण अडविणार? २६ मे २००० रोजीं न्यू जर्सीच्या स्कॉट स्टीव्हन्सनें त्याला मध्यावर अडविलें. खांदा जबड्याला लागला आणि लिंड्रॉस कोसळला. मेंदूच्या जुन्या दुखापतीनंतर तो नुकताच मैदानावर परतला होता. त्या काळच्या नियमानें ती धडक रास्त होती. शिक्षा झाली नाहीं. पुढें तो खेळला, पण पूर्वींचा लिंड्रॉस परत दिसला नाहीं. २००७ सालीं निवृत्त होतांना त्यानें आपल्या गांवच्या रुग्णालयाला ५० लक्ष डॉलर्स दिले. डोक्याच्या दुखापतीपासून खेळणाऱ्या मुलांचें रक्षण व्हावें म्हणून ऑन्टॅरिओ प्रांतानें २०१८ सालीं कायदा केला, त्याच्या पाठीशींहि तो उभा राहिला. आणि स्टीव्हन्स? त्याचाहि खेळ २००४ च्या जानेवारींत मेंदूच्या हादऱ्याच्या त्रासानेंच संपला. धडक देणारा आणि घेणारा, दोघेहि एकाच दवाखान्याच्या दारांत येऊन उभे राहिले.

आपल्यापैकीं कित्येकांचीं नातवंडें आज कॅनडांत आणि अमेरिकेंत वाढत आहेत. म्हणून हा विषय आपल्या उंबरठ्यापासून वाटतो तितका दूर नाहीं. माझा एक जुना विद्यार्थी टोरोंटोजवळ राहतो. त्याचा मुलगा बारा वर्षांचा आहे, अंगानें थोराड आहे, आणि शिक्षक त्याला सांगतात कीं तूं पुढें धडक देणारा गडी होशील. "मास्तर, पोराला खेळूं द्यावें काय?" असें त्यानें मला विचारलें. मीं त्याला कळविलें, तें आपणांसहि सांगतों. २०१० सालीं कॅनडांत एक पाहणी प्रसिद्ध झाली. अल्बर्टा प्रांतांत अकरा-बारा वर्षांच्या मुलांना धडक देण्याची परवानगी होती, क्वेबेक प्रांतांत नव्हती. दोहोंकडील मिळून दोन हजारांहून अधिक मुलांची तुलना केली, तेव्हां धडक चालणाऱ्या प्रांतांत मेंदूच्या हादऱ्याचा धोका तिपटीहून अधिक आढळला. २०१३ सालीं कॅनडाच्या हॉकी-संस्थेनें त्या वयाच्या मुलांना देशभर धडक बंद केली. म्हणजे त्याच्या मुलापुढें हा प्रश्न तेराव्या वर्षीं उभा राहणार. मीं लिहिलें, "खेळूं दे. पण शिक्षकाला एक विचार: तो मुलाला धडक द्यावयाला आधीं शिकवितो, कीं धडक आंवरावयाला आधीं शिकवितो? आपल्या तालमींत वस्ताद पहिल्यांदा पडावयास शिकवितो, मग पाडावयास. तसा वस्ताद असेल तर पोर त्याच्या हातीं दे. नसेल तर धडक नसलेल्या गटांत खेळूं दे. आणि घरीं सामना पाहतांना तूं कोणत्या वेळीं टाळी वाजवितोस, तें पोर पाहत असतें, हें विसरूं नको."

तेव्हां श्रोतेहो, बलवान गडी खेळांतून हांकलावा असें मी म्हणत नाहीं. बळ हा दोष नव्हे. बळानें वाट काढणाऱ्या खेळाडूचा खेळ पाहतांना म्हाताऱ्याच्याहि अंगांत तरतरी येते. माझें म्हणणें एवढेंच, कीं धडक पाहिली म्हणजे टाळी किंवा शिवी यांच्यापूर्वीं तीन प्रश्न मनाशीं विचारावेत. समोरच्याजवळ चकती होती काय? त्याला येणारा गडी दिसूं शकत होता काय? आणि येणाराला खांदा खालीं घेण्याला किंवा अंग वळविण्याला अवसर होता काय? तिहींचें उत्तर पाहावें. धडक देणाराचें नांव त्यानंतर विचारावें. आपल्या संघाचा गडी असला तरी हेच प्रश्न, आणि परक्या संघाचा असला तरी हेच.

बलराम भीमावर रागावला तो दुर्योधनाच्या प्रेमानें, असें कोणी म्हणतात. तसें असेल किंवा नसेल; पण दोन्ही शिष्यांना एकच नियम लावावयाचा, हें गुरूला तरी विसरतां येत नाहीं. आपण प्रेक्षक तें रोज विसरतों, आणि त्याची किंमत बर्फावर उतरलेलीं कोणाचीं तरी मुलें भरतात.